जुन्या जीपचे शॉक ॲब्झॉर्बर : प्रस्तावना

ज्या वाहनाचा जन्म युद्धाच्या निकडीतून झाला, ज्याने पुढे या देशात मामलेदार कचेरी, जंगलखाते, पाटबंधारे आणि साखर कारखान्यांची शेतकी खाती यांची चाकरी इमानेइतबारे बजावली, आणि सरकारी लिलावात पुकारा होऊन तिसऱ्या-चौथ्या धन्याच्या दारी गेल्यावरही ज्याने चालण्यास नकार दिला नाही, त्या जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह जीपविषयी चार माणसे बोलू लागली म्हणजे ते बोलणे इंजिनापासून सुरू होते आणि बहुधा तेथेच संपते. गिअरबॉक्स मूळची आहे की बदललेली, पुढचा ॲक्सल अजून खरोखरच जोर लावतो की नुसता मिरवण्यापुरता उरला आहे, याची रुजवात होते. हूड नवे शिवावे की जुनेच डागडुजी करून वापरावे यावर खल होतो. परंतु चासी आणि ॲक्सल यांच्या दरम्यान बसवलेली, चिखलाने माखलेली ती चार नळकांडी, ज्यांच्या धडधाकटपणावर चाक जमिनीला धरून राहणार की नाही हे अवलंबून असते, त्यांची विचारपूस तेल गळून फरशीवर डाग पडेपर्यंत कोणी करीत नाही. प्रस्तुत पुस्तिका या उपेक्षित नळकांड्यांची पारख, निवड आणि बदली यांविषयी आहे. तिचे कर्ते गॅरेजच्या खड्ड्यात उभे राहून गाड्यांची पोटे पाहण्यात आयुष्य घालवलेले गृहस्थ आहेत; त्यांनी माझ्यासारख्या केवळ गाडी वापरणाऱ्या माणसाकडे प्रस्तावना मागितली, ती वाचकाच्या वतीने कोणी तरी अडाणी प्रश्न विचारावेत म्हणूनच असावी, अशी माझी समजूत आहे.

विषय नीट कळण्यासाठी या वाहनाची वंशावळ थोडीशी पाहावी लागते. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या टोलेडो येथील विलिस-ओव्हरलँड कंपनीने दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी जीप बांधली, युद्ध संपताच तिचा नागरी अवतार सीजे या नावाने बाजारात आणला, आणि त्याच मालिकेतील उंच बॉनेटची सीजे-३बी ही १९५३ मध्ये आली. इकडे १९४५ मध्ये स्थापन झालेली महिंद्र अँड महंमद ही पेढी, भागीदार गुलाम महंमद फाळणीनंतर पाकिस्तानात गेल्यामुळे (तेथे ते पुढे गव्हर्नर जनरलच्या पदापर्यंत पोहोचले, पण ते विषयांतर होईल), १९४८ मध्ये महिंद्र अँड महिंद्र झाली, आणि विलिसच्या परवान्याने मुंबईत जीप प्रथम जुळवू व पुढे बांधू लागली. सीजे-३बीचे अमेरिकेतील उत्पादन बंद पडल्यावरही तिचे भारतीय वंशज कित्येक दशके कारखान्याबाहेर पडत राहिले, आणि आज आपल्याकडे ज्या जुन्या जीपा दिसतात त्या बहुतांशी या शाखेच्या आहेत. १९८५ मध्ये आलेल्या मारुतीच्या जिप्सीचे कूळ जपानी, सुझुकीचे; तथापि चारही चाकांना कमानपाटे आणि पुढे-मागे अखंड ॲक्सल ही तिची रचना जीपसारखीच असल्यामुळे पुस्तिकेतील बहुतेक विवेचन तिलाही लागू पडते. २०१० मध्ये आलेल्या थारच्या पुढच्या चाकांना मात्र कमानपाट्यांऐवजी टॉर्शन बार आहेत, आणि तिचा हिशेब पुढच्या बाजूस निराळा मांडावा लागतो; पुस्तिकेचा अंमल तेथवर नाही.

आता मूळ मुद्दा. वजन पेलतो तो कमानपाटा. शॉक ॲब्झॉर्बर वजन पेलत नाही. हे विधान इतके साधे आहे की ते छापण्याचे कारण काय असा प्रश्न पडावा. परंतु गाडीची मागची बाजू बसली म्हणून शॉक ॲब्झॉर्बरचा नवा जोड विकत घेणारे, आणि तो बसवूनही गाडी तसूभर वर आली नाही म्हणून दुकानदाराकडे तक्रार घेऊन जाणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. माजघरातल्या झोपाळ्याला एकदा रेटा दिला म्हणजे तो आपल्या आपण थांबायला किती वेळ घेतो, आणि बसलेल्याने पाय जमिनीला टेकवताच किती लवकर आवरतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला या दोन वस्तूंमधील कामाची वाटणी वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. खड्ड्यातून वर येताना दबलेल्या पाट्यात जी शक्ती साठते ती कोठे तरी खर्ची पडलीच पाहिजे. ती खर्ची पाडण्याची व्यवस्था नसेल तर गाडी खालीवर हेलकावत राहते, आणि त्याहून वाईट म्हणजे चाक जमिनीवर टिपऱ्या घालू लागते. हवेत असलेले चाक ब्रेक लावून थांबत नाही आणि स्टिअरिंग फिरवून वळतही नाही. म्हणून हा विषय आरामाचा कमी आणि सुरक्षिततेचा अधिक आहे.

कमानपाट्याला स्वतःचे असे थोडे दमन असते, कारण दबताना आणि उसळताना पाटा पाट्यावर घासतो. परंतु घर्षणाला तारतम्य नसते. लहानशा खड्याला ते जेवढा विरोध करते तेवढाच मोठ्या धोंड्याला करते, त्यामुळे हळू चालताना गाडी निष्कारण ताठ लागते आणि जोराचा हादरा बसताच तेच घर्षण अपुरे पडते. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समधील त्रुफो आणि अमेरिकेतील हार्टफर्ड यांनी मोटारींसाठी जे पहिले शॉक ॲब्झॉर्बर प्रचारात आणले ते या घर्षणाच्याच तत्त्वावर चालत, आणि हाच दोष त्यांत होता. पुढे फ्रान्सच्याच हूदाई यांनी तेलाचा आश्रय घेतला; त्यांच्या नावाचे तेलावर चालणारे फिरत्या पात्यांचे शॉक ॲब्झॉर्बर १९२८ च्या फोर्ड मॉडेल-ए मोटारीला बसवलेले होते. तेलाची मातब्बरी अशी की ते घाईला विरोध करते, संथपणाला करीत नाही. बारीक छिद्रातून ते सावकाश ढकलले तर निमूटपणे जाते, आणि एकदम ढकलले तर हट्टाने अडते. म्हणजे गतीच्या प्रमाणात प्रतिकार, जो घर्षणाला कधीच साधला नाही, तो तेलाला उपजतच साधतो. युद्धकालीन जीपला आरंभापासूनच नळकांड्यांच्या घडणीचे, तेलाचे शॉक ॲब्झॉर्बर होते.

या नळकांड्याच्या आत काय चालते हे एकदा डोळ्यांपुढे आणले म्हणजे पुढच्या निवडीतील अर्धी संदिग्धता नाहीशी होते. चकचकीत दांड्याच्या टोकाला पिस्टन, पिस्टनमध्ये छिद्रे, छिद्रांवर पातळ पोलादी चकत्यांची झडप. दांडा आत-बाहेर होताना तेलाला या झडपांतून वाट काढावी लागते. दाब आणि उसळी या दोन दिशांच्या झडपा सारख्या कडक नसतात. चाक धोंड्यावर चढते तेव्हा प्रतिकार फार झाला तर तो हादरा सरळ चासीत आणि तेथून बसणाऱ्याच्या कण्यात जातो, म्हणून ती दिशा सौम्य ठेवतात. उलट दबलेला पाटा शक्ती परत फेकतो तेव्हा तिला आवरायचे असते, म्हणून उसळीची दिशा साधारणपणे दुपटी-तिपटीने कडक असते. या सगळ्या व्यवहारात गतीचे उष्णतेत रूपांतर होते, आणि ती उष्णता नळीच्या भिंतीतून हवेत जाते. खडबडीत रस्त्यावरून तासभर चालून आलेल्या जीपच्या शॉक ॲब्झॉर्बरांना जपून हात लावला (जपून, कारण चटका बसतो) तर तीन तापलेले आणि एक थंड असे आढळू शकते. जो थंड आहे तो मेलेला आहे. त्याने काम केलेले नाही. जुन्या मिस्त्र्यांची ही परीक्षा पुस्तिकेत दिली आहे, आणि माझ्या मते गाडीचा कोपरा दाबून सोडण्याच्या सर्वश्रुत परीक्षेपेक्षा ती पुष्कळ विश्वसनीय आहे. कोपरा दाबण्याची परीक्षा मऊ स्प्रिंगांच्या मोटारीला ठीक. जीपचे ताठ आणि बहुधा गंजलेले पाटे माणसाच्या भाराने मुळी दबतच नाहीत, आणि निकामी शॉक ॲब्झॉर्बरलाही उत्तीर्णतेचा दाखला मिळून जातो.

जुन्या जीपांना बहुधा दुहेरी नळीचे शॉक ॲब्झॉर्बर असतात: आतल्या नळीत पिस्टन, बाहेरच्या नळीत तेलाचा साठा आणि वर थोडी हवा. लांबवर लाटालाटांच्या कच्च्या रस्त्यावर हे तेल हवेत मिसळून फेसाळते, आणि फेस झडपेतून बिनविरोध निसटतो. गाडी सकाळी चांगली आणि दुपारी बेलगाम चालते ती या कारणाने. हवेऐवजी कमी दाबाचा नायट्रोजन भरला तर फेस बराच आवरतो. याहून निराळी रचना एकेरी नळीची. फ्रेंच शास्त्रज्ञ द कार्बों यांनी ती सिद्ध केली आणि जर्मनीतील बिल्स्टाईन कंपनीने १९५० च्या दशकात बाजारात आणली. तीत वायू आणि तेल यांच्यामध्ये एक तरता पिस्टन असतो, वायूचा दाब वातावरणाच्या वीस-पंचवीस पट असतो, आणि तेलाला फेसाळण्याची संधीच मिळत नाही. शिवाय नळी एकच असल्यामुळे उष्णता थेट बाहेर जाते. मात्र तिच्यावर दगड बसून पोचा आला की पिस्टन अडकला; दुहेरी नळीचा शॉक ॲब्झॉर्बर तसा पोचा बाहेरच्या अंगावर सोसून चालत राहतो.

निवडीच्या प्रकरणात पुस्तिकेने सर्वांत अधिक पाने खर्ची घातली आहेत आणि ते योग्यच आहे. बाजारात जाणारा मनुष्य दुकानदारास पहिला प्रश्न करतो तो कडक आहे की मऊ. वास्तविक पहिला प्रश्न लांबीचा असला पाहिजे. ॲक्सल वर जाऊन बंप स्टॉपचा रबर पुरता दबला असता वरच्या आणि खालच्या बिजागरीत जे अंतर उरते, त्याहून शॉक ॲब्झॉर्बरची मिटलेली लांबी सुमारे इंचभर कमी असावयास हवी. आणि चासी उचलून ॲक्सल मोकळा लोंबू दिला असता जे अंतर भरते, त्याहून उघडलेली लांबी किंचित अधिक असावयास हवी. पहिली अट मोडली तर बंप स्टॉपपूर्वी शॉक ॲब्झॉर्बरच आपटतो आणि त्याच्या तळाची झडप किंवा चासीवरचा ब्रॅकेट यांपैकी एकाचा बळी जातो. दुसरी मोडली तर ॲक्सलचे सारे ओझे दांड्याला लोंबते आणि एक दिवस त्याच्या टोकाची आय (कडी) उपटून येते. लांब शॅकल घालून किंवा पाट्यांना नवी कमान देऊन जीप उंच करण्याची जी हौस हल्ली बोकाळली आहे, तीत मूळचे आखूड शॉक ॲब्झॉर्बर तसेच ठेवणे ही दुसऱ्या प्रकारची चूक सर्रास घडते. आणि उघडल्यावर हवे तेवढे लांब, पण मिटल्यावर अगदी आखूड, असा शॉक ॲब्झॉर्बर मागणाऱ्याने हेही ध्यानात घ्यावे की दांडा नळीतच शिरावयाचा असल्यामुळे उघडलेली लांबी मिटलेल्या लांबीच्या दुप्पट होणे अशक्य आहे. तेथे तडजोड ब्रॅकेटच्या जागेत किंवा बंप स्टॉपच्या उंचीत करावी लागते. ब्रॅकेट हलवताना नळकांडे फार तिरपे होऊ देऊ नये. ४५ अंशांनी कललेला शॉक ॲब्झॉर्बर उभ्याच्या मानाने जवळपास निम्मेच काम देतो.

लांबीनंतर वजन. पेट्रोलच्या कित्येक जुन्या जीपांना मध्यंतरीच्या काळात डिझेल इंजिन बसवून घेतलेले असते. ते इंजिन जड, त्यामुळे पुढचे पाटे चपटे झालेले, आणि मालक मात्र नोंदणीपुस्तकातील मूळ मॉडेल सांगून शॉक ॲब्झॉर्बर मागतो. तेव्हा अगोदर पाटे उतरवून पाहावेत, तुटलेला पाटा, झिजलेला सेंटर बोल्ट आणि ढिले यू-बोल्ट यांचा निकाल लावावा, पाटेवाल्याकडून कमान भरून घ्यावी, आणि मगच शॉक ॲब्झॉर्बरच्या दुकानाची पायरी चढावी, हा पुस्तिकेतील अनुक्रम मला सोळा आणे मान्य आहे. चपटलेल्या पाट्यांवर बसवलेला उत्तम शॉक ॲब्झॉर्बर हा पैशाचा अपव्यय होय.

कडक-मऊचा प्रश्न येतो तो येथे, तिसऱ्या क्रमांकावर. आणि त्याचे उत्तर वापरावर आहे. ताडोबाच्या मातीच्या वाटांवर पर्यटकांनी भरलेली जिप्सी सावकाश चालते, पण भार सतत पुरा असतो. कोकणातल्या जांभ्याच्या रस्त्यावर एकटा मालक रिकामी जीप घेऊन जातो. घाटात वळणावळणाला गाडी कलते आणि तेथे संथ गतीतला प्रतिकार लागतो. या तिघांना एकच माल चांगला म्हणून विकणाऱ्याची नियत वाईट नसली तरी विचार अपुरा असतो. कडकपणाकडे आपल्याकडे पौरुषाचे लक्षण म्हणून पाहिले जाते, हे मला नेहमी हास्यास्पद वाटत आले आहे. उसळीला अतिकडक असलेला शॉक ॲब्झॉर्बर लागोपाठच्या खड्ड्यांत पाट्याला पूर्ववत होण्यास उसंतच देत नाही. प्रत्येक खड्ड्यागणिक गाडी थोडीथोडी खाली बसत जाते आणि शेवटी बंप स्टॉपवर आदळू लागते, आणि मालकाला वाटते की अजून कडक पाहिजे होता. जुन्या पाट्यांत घर्षण अगोदरच भरपूर असल्यामुळे कॉइल स्प्रिंगच्या गाडीसाठी बेतलेला शॉक ॲब्झॉर्बर जीपला लावणे हीही तशीच फसगत ठरते.

नावाचा प्रश्न शेवटचा. गॅब्रिएल इंडिया ही १९६१ पासूनची कंपनी आणि तिच्यासारखे इतर देशी उत्पादक जुन्या गाड्यांचे माल अद्याप करतात. परदेशी, रंगीत आणि बरेच महाग मालही आता मिळतात. नकली मालाचा सुळसुळाट असल्यामुळे नावापेक्षा पावती, वेल्डिंगची सफाई आणि दांड्यावरील क्रोमचा मुलामा पाहावा, हा पुस्तिकेचा सल्ला व्यवहार्य आहे.

बदलीच्या कामाविषयी मी थोडक्यात लिहितो, कारण ते प्रकरण चित्रांसह स्पष्ट आहे. कमानपाट्याच्या गाडीत शॉक ॲब्झॉर्बर सोडल्याने काही उसळून अंगावर येण्याचे भय नाही. खरे भय जॅक घसरण्याचे असते, म्हणून चासीखाली भक्कम घोडे आणि चाकांना ठोकळे लावल्याखेरीज कोणी आत शिरू नये. नट गंजलेले असतातच. आदल्या रात्री त्यांना तेल पाजावे. एका ॲक्सलवरचे दोन्ही एकदम बदलावेत, एक नवा आणि एक जुना अशी जोडी लावू नये. साध्या तेलाचा नवा, दुहेरी नळीचा शॉक ॲब्झॉर्बर दुकानात आडवा पडलेला असतो, त्यामुळे आतल्या नळीत हवा शिरलेली असते. तो उभा धरून कित्येकदा पुरता ओढून-दाबून ती काढल्याशिवाय बसवू नये, नाहीतर पहिल्याच दिवशी माल खोटा निघाल्याचा आरोप होतो. दांडा पकडीत धरू नये. त्यावर उमटलेला एक ओरखडा सील कापायला पुरेसा होतो. आणि आयच्या रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच शेवटचे आवळावेत; ॲक्सल लोंबत असताना आवळले तर गाडी खाली येताच रबर पिळला जातो आणि पुढे फाटतो. ही शेवटची गोष्ट चांगल्या-चांगल्या गॅरेजांत पाळली जात नाही, असे मी खेदाने नमूद करतो.

पुस्तिकेच्या कर्त्यांशी माझा एका मुद्द्यावर मतभेद आहे आणि त्यांच्या संमतीनेच तो येथे मांडतो. त्यांचा कल एकेरी नळीच्या वायूभरल्या शॉक ॲब्झॉर्बरकडे आहे. लडाखपर्यंत मजल मारणाऱ्या, वेगाने आणि दिवसचे दिवस कच्च्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला ते उचित आहेत, यात वाद नाही. परंतु तालुक्याच्या बाजारापासून शेतापर्यंत, अधूनमधून एखाद्या गडाच्या पायथ्यापर्यंत, ताशी चाळीस-पन्नासच्या चालीने जाणाऱ्या जीपला योग्य लांबीचे, साध्या तेलाचे, दुहेरी नळीचे देशी शॉक ॲब्झॉर्बर पुरेसे आहेत; ते स्वस्त आहेत, दगडाचा मार सोसतात, आणि तालुक्याच्या गावी मिळतात. उरलेला पैसा पाटे, बुश आणि टायर यांवर खर्च करावा.

वाचकास एकच विनंती. दुकानात जाण्यापूर्वी टेप घेऊन गाडीखाली जावे, चारही कोपऱ्यांची दबलेली आणि लोंबती अशी दोन्ही मापे, शिवाय वरखालच्या टोकांना आय आहे की दांडा, हे वहीत टिपून घ्यावे. आणि दुकानदार "जीपचेच आहेत, बसतील" असे म्हणाला तर माल उघडून मापण्यापूर्वी पैसे देऊ नयेत.